कौसाचा पसाभर सरवा

हे आजवर माझ्या बायकोलाही ठाऊक नाही, गड्या. तसा मी तोंडाचा फाटका माणूस. धामणगाव बढ्याला मास्तर होतो तेव्हा माझ्या गोष्टीतली मगर सकाळी मोताळ्याच्या बाजारात दिसायची अन् दुपारी नांदुऱ्याला मालगाडी गिळायची. ही एक गोष्ट तेवढी घशातच राहिली. का राहिली — तेही मला धड कळत नाही.

राज्य नवं होतं. पोरांना गरिबी समजावून सांगा, दया शिकवा, असं वरून आलेलं. मी नकाशा टांगला. वाळवीनं जिथं भोक पाडलं होतं तिथंच काडी टेकवली अन् म्हटलं, हा तो देश! इथली लेकरं झाडांची सालं खाऊन दमली, आता चपला उकडून खातात. मी स्वतः नांदुऱ्याच्या फलाटापुढं गेलो नव्हतो — पण पोरं डोळे पुसत होती. मग मला आवरणार कोण? म्हटलं, त्यांच्यासाठी उद्या प्रत्येकानं पसाभर ज्वारी आणा.

दुसऱ्या ओळीतली कौसा उठली. मजुराची पोर. "काऊन गुरुजी, त्याइले कोणी सरवा वेचू देत नाही का?"

सरवा म्हणजे कापणीनंतर वावरात पडून राहिलेली कणसं. कौसाच्या घरची चूल त्याच्यावरच पेटायची. मला माहीत नव्हतं का? होतं.

"अवं, तिथं वावरच नाही!" मी म्हटलं.

"कौसे, तूच जाय वं तिथं वेचाले!" मागून पाटलाचा पोरगा ओरडला. वर्ग हसला. मीही — खरं सांगतो — पोट धरून हसलो.

दुसऱ्या दिवशी तिनं पसा आणून ओतला. ज्वारीत ढेकळांचा चुरा होता. अन् प्रार्थनेला उभी होती ती धाडकन पडली. हेडमास्तरांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, ऊन लागलं. पौषात — सकाळच्या पारी — ऊन!

भूक म्हणायला जीभ काऊन वळली नाही? समुद्रापलीकडची भूक मला दिसत होती ना?

ती ज्वारी पाठवायची तरी कुठं — भोकात? तपासणीला साहेब आले. साहेबांचं जेवण मास्तराच्या घरी, ही रीतच होती. त्याच ज्वारीच्या भाकरी झाल्या. माझ्या दाताखाली ढेकळाची माती कचकन आली. साहेबांसमोर थुंकता येईना. गिळली.

पुढं शाळेत परदेशी दुधाची भुकटी आली. म्हणजे तिकडंही कुणी गुरुजी आमच्यावर काडी टेकवून उभा होता की काय? मग दूरचे कोण, जवळचे कोण? मी आजही घोटाळ्यात आहे.

पण डोळ्यांपुढून हलत नाही ती त्याआधीची एक मधली सुट्टी. कौसानं विचारलं, "गुरुजी, पोचली का ज्वारी?"

मी रंगात आलो. पोचली म्हटलं. तुझ्याच एवढी एक पोर आहे तिकडं — तुझ्याच ज्वारीची भाकर खाऊन नाचली म्हणे!

"आता तिले दोन्ही टाइम भेटते का?"

"भेटते की."

"मंग बरं झालं, गुरुजी."

बाकीची पोरं भाकरीची फडकी सोडत होती. ती रांजणाकडं गेली, पोट भरेस्तोवर पाणी प्यायली अन् माझ्याकडं बघून हसली.

मी माझी शिदोरी सोडली. अन् जेवलो.