माधवरावांची खात्री

माधवराव गेल्याची बातमी आली तेव्हा मी प्लंबरशी वाद घालत होतो. फोन माझ्या पत्नीने घेतला, ऐकला आणि माझ्यापुढे धरला. पलीकडून कावेरीवहिनींचा, म्हणजे माधवरावांच्या पत्नीचा, आवाज आला. "फाटक सार, हे गेले... पहाटे. तुम्ही या, पण सावकाश या. आतां घाई करण्यासारखं कांही राहिलं नाही." तंजावरच्या त्या जुन्या मराठी घराण्यातील माणसे दुःखातही इतकी नेमकी बोलतात. मी मद्रासमधल्याच वेलचेरीहून निघालो आणि वेस्ट मांबलमला त्यांच्या घरी पोहोचेपर्यंत मला सारखे वाटत होते, की आपण भेटीला उशीर करून चाललो आहोत. आणि हा उशीर आजचा नाही, काही वर्षांचा आहे.

त्याला आता सहा आठवडे झाले. मी इतक्यात लिहिणार नव्हतो. पण मध्यंतरी येथील मराठी मंडळींनी शोकसभा घेतली, तीत दोन भाषणे झाली, आणि भाषणांहून मोठी एक कुजबुज झाली. माधवरावांच्या कार्यालयातील एक निवृत्त सहकारी म्हणाले, की ते नियमापासून तसूभरही ढळले नाहीत. जॉर्ज टाउनमधील एक स्कूटरविक्रेते सौजन्याने सुरुवात करून अखेर म्हणालेच, की एका अधिकाऱ्याच्या लहरीपायी या शहरातील बॅटरीच्या गाड्यांचा धंदा उमलण्याआधीच खुडला गेला. आणि मागच्या रांगेत कोणीतरी शेजाऱ्याला सांगत होते, "लहर इतरांसाठी हो! फाटकांवर त्यांची मेहेरबानीच होती. शेवटी आपला माणूस..." हे सांगणाऱ्याला मी दोन खुर्च्या पुढे बसलो आहे हे ठाऊक नसावे. या तिन्ही हकिगती मला मान्य नाहीत. त्या का मान्य नाहीत हे ज्याने सांगायला हवे असा माणूस आता एकच उरला आहे, आणि तो मी आहे.

माधवराव आणि मी सारख्या वयाचे नव्हतो. मी त्यांच्याहून सात वर्षांनी मोठा. सांगलीहून नोकरीसाठी मी मद्रासला आलो, त्याला आता चाळीस वर्षे होतील. एका गणेशोत्सवात त्यांची ओळख झाली आणि पहिल्याच भेटीत भांडण झाले. माझी मराठी 'कोरडी' आहे असे ते म्हणाले. तुमची मराठी तीनशे वर्षांपूर्वीची आहे असे मी म्हणालो. "मग जुनं तेंच खरं, सार," असे म्हणून ते मोठ्याने हसले. त्यानंतर दर गुरुवारी संध्याकाळी ते आमच्याकडे कॉफीला येऊ लागले, ते अखेरपर्यंत. मधली काही वर्षे मात्र वगळून. त्या वर्षांबद्दलच लिहायचे आहे.

निवृत्तीनंतर मी अंबत्तूरला एक शेड घेतली आणि बॅटरीवर चालणारी स्कूटर तयार करू लागलो. अकरा कामगार होते. दहा-बारा वर्षांपूर्वीची ही गोष्ट. लोक तेव्हा अशा गाडीला खेळणे समजत. त्याच सुमारास सरकारने अशा वाहनांना करात सवलत जाहीर केली. तो आदेश जेमतेम दीड पानाचा होता आणि त्याचे सारे बळ एका वाक्यात होते : सक्षम अधिकाऱ्याची खात्री झाल्यास सवलत द्यावी. खात्री कशाने व्हावी, याबद्दल आदेशात अवाक्षर नव्हते. त्यामुळे एका कचेरीत प्रयोगशाळेचा दाखला पाहून शिक्का उठे, दुसऱ्या कचेरीत गाडीचे छायाचित्र पुरे होई, आणि तिसरीत वरून अधिक खुलासा येईपर्यंत अर्ज कपाटात पडून राही. आमच्या भागासाठी हा सक्षम अधिकारी कोण, हे कळले तेव्हा मी शेडमध्ये पेढे वाटले. ते माधवराव होते.

पुढच्याच गुरुवारी ते आले ते हातात थर्मास घेऊन. माझ्या पत्नीने पुढे केलेला पेला त्यांनी नम्रपणे बाजूला सारला आणि घरून आणलेली कॉफी स्वतःच ओतून घेतली. "फाईल माझ्या टेबलावर अहे तोंवर या घरचं कांही नको, अक्का," ते म्हणाले. पत्नी दुखावली. "का? माझ्या कॉफीत काय विष आहे?" "विष असतं तर घेतलं असतं. कॉफी अहे, हीच पंचाईत." ती हसली, पण मी हसलो नाही. येणे बंद केले तर लोक म्हणतील भांडले, आणि कॉफी घेतली तर म्हणतील विकले गेले; म्हणून ते येत राहिले आणि स्वतःची कॉफी पीत राहिले. मला तो अपमान वाटला. आज लिहिताना वाटते, की माणसाने स्वतःची आखलेली हद्द इतक्या उघडपणे दुसऱ्याच्या बैठकीत आणून ठेवलेली मी पुन्हा पाहिली नाही.

आता त्यांच्या कसोटीबद्दल. ते प्रत्येक गाडी मांबलमच्या रेल्वेखालच्या सबवेत नेत. चालवणारा एक, मागे बसणारा एक, आणि पायांशी वीस किलो तांदळाची पिशवी. वेळ भर दुपारची. सबवेत उतरायचे, आणि पलीकडच्या चढाने थांबल्याशिवाय वर यायचे. हे आदेशात कुठेही नव्हते. म्हणून त्या सहकाऱ्यांचे म्हणणे मला मान्य नाही; माधवराव नियमाला धरून चालणारे नव्हतेच. नियमाने त्यांच्यापुढे मोकळी जागा सोडली होती आणि ती त्यांनी स्वतःच्या डोक्याने भरली. पण ती लहर होती, हेही मला मान्य नाही. ते म्हणत, "हें शहर सपाट अहे म्हणतात. असूं दे. रेल्वे ओलांडायची तर मनुष्यास खालीं जाऊन वर यावं लागतं. बायको मागें असते, रेशन पायाशीं असतं. सरकार कर सोडतं तें या मनुष्यासाठीं. गाडी त्यास मध्येंच सोडील तर मी कोणाच्या नांवानं सही करूं?"

आमच्या स्कूटरची पाळी आली त्या दिवशी त्यांनी स्वतः हँडल हातात घेतले आणि मला म्हणाले, "मागें तुम्ही बसा. तुमचीच गाडी अहे." दोन म्हातारे आणि तांदूळ. उतार सुरेख उतरलो. चढ लागला, आणि निम्म्यावर मोटारीचा आवाज बारीक होत गेला... मला तो मणक्यातून जाणवला. गाडी थांबली. मागे बस होती, बसमागे रिक्षा होत्या, आणि त्या बोगद्यात एकेक हॉर्न दहापट होऊन आदळत होता. एक रिक्षावाला मान बाहेर काढून ओरडला, "पेरियवरे, इरंगि तळ्ळुंग!" आजोबा, उतरून ढकला. आम्ही उतरलो आणि ढकलली. वर आल्यावर माधवरावांनी खाली वाकून, विजेचा प्रवाह नियंत्रित करणाऱ्या पेटीवर तळहात ठेवला आणि चटकन उचलला. माझ्याकडे पाहिले. मी तांदळाची पिशवी सारखी करू लागलो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या कचेरीत गेलो तो उभा राहूनच बोललो. फाईलवर त्यांनी एवढेच लिहिले होते, की वाहन दोन माणसांसह चढ चढले नाही, दुरुस्तीनंतर पुन्हा आणावे. दुरुस्तीला महिना लागणार होता, शेडमध्ये तयार गाड्या रांगेने उभ्या होत्या, आणि सवलत नसेल तर त्या कोणी घेणार नव्हते. अकरा घरांचा प्रश्न होता. मी विचारले, "आदेशात सबवे कुठे आहे?"

"नाहीं."

"तांदूळ?"

"तोही नाहीं."

"प्रयोगशाळेचा दाखला जोडला आहे. त्याचे काय?"

"अस्क कागद बरोबर अहेत, सार." अस्क म्हणजे सगळे, हा त्यांचा तंजावरी शब्द. "गाडी बरोबर नाहीं."

"माधवराव, हा अधिकाराचा दुरुपयोग आहे. मी वर लिहीन."

"सरी, ठीक अहे. लिहा." आणि त्यांनी खणातून दोन कोरे कागद काढून माझ्यापुढे ठेवले. "टेबल तें मोकळं अहे. पंख्याखालीं बसा."

मी खरोखर बसलो आणि लिहिले. वाहन पूर्णपणे निर्दोष होते. मनमानी वजन लादल्याने तात्पुरता अडथळा आला. सदर अधिकारी सवलतीच्या हेतूलाच बाधा आणत आहेत. भाषा माझी, आणि भाषेत मी कधी कमी पडलेलो नाही. त्या अर्जाला इतर दोन उत्पादकांनी आपले अर्ज जोडले. वरिष्ठांनी चौकशी केली. माधवरावांना विचारण्यात आले, की आदेशाबाहेरची कसोटी का लावली. ते म्हणाले, माझी खात्री झाली नाही. आणखी काही सांगायचे आहे का, असे विचारले तेव्हा नाही म्हणाले. त्यांना जुन्या नोंदींच्या विभागात बसवण्यात आले, जेथे सही करण्यासारखे काही नव्हते. त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांनी सगळे तुंबलेले अर्ज एका दुपारी मोकळे केले, माझाही त्यांत होता. गुरुवारच्या भेटी थांबल्या.

म्हणजे विक्रेत्यांना जी लहर वाटते तिचा मूळ लेखी पुरावा माझा अर्ज आहे. आणि तो अर्ज खोटा आहे.

हे वाक्य लिहायला मला सहा आठवडे लागले. कसोटीच्या चार दिवस आधी आमच्या फोरमनने मला स्पष्ट सांगितले होते, की दोन माणसे घेऊन चढावर ती पेटी तापते आणि प्रवाह तोडते. मोठी पेटी बसवावी लागेल. मी त्याला म्हणालो, दाखला आलेला आहे, आणि सही करणारा आपला माणूस आहे. परमुलखात राहिलेल्या मराठी माणसाला हे दोन शब्द फार सहज सुचतात. भाषा एक असली की उरलेले सगळे आपल्या बाजूचे, असा आपला हिशेब असतो. तो त्या चढावर निम्म्यात संपला. पुढे खरेदीदारांच्या गाड्या त्याच चढावर थांबू लागल्या, तेव्हा मी निमूटपणे प्रत्येक गाडीतील पेटी बदलून दिली. इतरांनी तेही केले नाही, आणि लोकांचा बॅटरीच्या गाडीवरचा विश्वास उडाला. धंदा कोणी खुडला, याचे उत्तर विक्रेत्यांनी आपल्या दुकानाच्या मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या गाड्यांना विचारावे.

माधवराव निवृत्त झाल्यावरच्या पहिल्या गुरुवारी दार वाजले. ते रिकाम्या हाताने आले होते. पत्नीने पेला पुढे केला, त्यांनी घेतला, आणि आम्ही क्रिकेटविषयी बोललो. मी त्या दिवशी बोलायला हवे होते. त्यानंतरचे असे कितीतरी गुरुवार मी बोललो नाही... माझा समज होता, की त्यांना ठाऊक नाही.

गेल्या आठवड्यात मी कावेरीवहिनींना सारे सांगितले. त्या शेंगा निवडत होत्या. हात थांबला नाही. "त्या दिवशीं घरीं आले ते हात पाण्याखालीं धरून उभे राहिले," त्या म्हणाल्या. "म्हणाले, फाटक सारांस ठाऊक होतं, पेटी तापते म्हणून. मी विचारलं, मग फाईलींत लिहिलं कां नाहीं? म्हणाले, लिहिलं तर खोटी गाडी पुढें केली असं होतं, मग त्यांस पुन्हां कधींच सवलत नाहीं. गाडी आज चढली नाहीं, एवढं लिहिणं पुरे." चौकशीतही ते एवढेच बोलले. एक वाक्य अधिक बोलले असते तर त्यांची जागा राहिली असती आणि माझी शेड गेली असती. तेव्हा मागच्या रांगेतील त्या गृहस्थांना सांगतो, की मेहेरबानी झाली होती हे खरे. सही करण्यात नव्हे, न लिहिण्यात. तोही त्यांच्याच अधिकारातील निर्णय होता, आणि त्याची किंमत त्यांनी स्वतः दिली.

हा लेख मी त्यांच्या घरी, त्यांच्या टेबलाशी बसून पुरा केला आणि वहिनींना वाचून दाखवला. एके ठिकाणी मी 'हुतात्मा' असा शब्द घातला होता. "तो काढा, त्यांस हसूं येईल," त्या म्हणाल्या. मी खोडला. फोरमनचे नाव होते, तेही त्यांनी काढायला लावले. त्याला अजून याच शहरात काम करायचे आहे. नंतर मी कागद गोळा करून पिशवीत घालू लागलो तेव्हा त्यांनी त्यावर हात ठेवला. त्या घरातून सहीवाचून कागद बाहेर जात नसे. दूधवाल्याच्या चिठ्ठीवरसुद्धा माधवराव पूर्ण नाव आणि तारीख घालत, आणि आम्ही त्याची थट्टा करत असू. वहिनींनी शेवटचे पान वर काढले, मजकुराखालच्या मोकळ्या जागेवर बोट टेकवले आणि म्हणाल्या,

"इथें. पूर्ण नांव."

मी सही केली.