माझ्या अंगठ्यासाठी भांडणारी

गंगापूर रोडच्या एका अभ्यासिकेत मी झाडू-फरशी करते. तिथं खिडकीपाशी एक मुलगी बसायची. निफाडहून बसने यायची. बाकीची मुलं परीक्षेची पुस्तकं वाचायची, ही लॅपटॉपवर मोबाइलच्या पडद्यावरची बटणं तयार करायची. ती कुणीही आपल्या अॅपमध्ये फुकट वापरावीत म्हणून असतात आणि जगभरातले लोक मिळून ती सुधारतात, असं तिनेच मला सांगितलं. विचार करताना ती ओढणीचं टोक चावायची.

एकदा तिने फोन पुढे केला. "मावशी, हे दाबा बरं." भांडी घासून घासून माझा अंगठा जाड झालेला. दर वेळी शेजारचंच बटण दाबलं जायचं. मला लाज वाटली. ती म्हणाली, "चूक तुमची नाय मावशी, बटणाची हाय."

तिने बटण मोठं केलं. तिच्यासोबत बटणं सुधारणाऱ्या तिकडच्या लोकांनी ते बेढब दिसतं म्हणून नाकारलं. मग ती कितीतरी दिवस त्यांच्याशी लिहून भांडली. शेवटी एका सकाळी दारातूनच ओरडली, "घेतलं, मावशी! तुमचा अंगठा जिंकला!" सगळे वळून बघायला लागले. मी पदर तोंडाला लावून आत पळाले.

पुढे तिला पुण्यात नोकरी लागली. निघताना मला शोधत आली, तर मला एवढंच सुचलं, "नीट जा." नावही विचारलं नाही.

परवा दवाखान्याचा नंबर लावताना फोनवर बारीक चौकोनातली तारीख माझ्या अंगठ्याने काही केल्या निवडता येईना. ती असती तर पुन्हा कुणाशी तरी भांडली असती. मी गुपचूप फोन शेजारणीच्या हातात दिला.