दोन भागांत दिलेली अँटिबायोटिक

माझ्या जनजागृतीमुळे अँटिबायोटिकची मागणी वाढली.

नेदरलँड्समध्ये, लायडनमधल्या एका संशोधन गटासाठी मी आरोग्यविषयक अ‍ॅनिमेटेड व्हिडिओ तयार करते. या वेळचा संदेश होता : डॉक्टरांना न विचारता अँटिबायोटिक घेऊ नका, कोणाला देऊ नका. इथला हाउसआर्ट्स, म्हणजे घराजवळचा डॉक्टर, तापावर ‘पॅरासिटामॉल घ्या आणि वाट पाहा’ एवढेच सांगतो. म्हणून भारतातून येणारी प्रत्येक मराठी आई लोणच्याच्या बरणीशेजारी औषधांचे दुकान घेऊन उतरते. (माझ्या आईच्या पिशवीत ‘घसा’, ‘पोट’ आणि ‘संकीर्ण’ असे विभाग होते!) मंगळवारच्या बैठकीत मला सवय बदललेले एक तरी घर दाखवायचे होते, अन्यथा माझ्या कराराला मुदतवाढ नव्हती.

उत्सुकता ताणली जावी म्हणून मी व्हिडिओचे दोन भाग केले. पहिल्यात चष्मेवाली, हिरव्या साडीतली काकू शेजाऱ्यांना गोळ्या वाटते. दुसऱ्यात तिला तिची चूक उमगते. पहिला भाग शुक्रवारी, दुसरा रविवारी. काकूचा चेहरा आईवरून घेतला होता. (नमुना घरातच उपलब्ध होता.)

पहिला भाग वणव्यासारखा पसरला! शनिवारी सकाळीच झूटरमेरहून ओळखीच्या काकूंचा फोन आला.

“अगं, त्या व्हिडिओतल्या तुझ्या आईच ना? घशाची एखादी स्ट्रिप असेल का गं त्यांच्याकडे? आमच्या ह्यांचा आवाज बसलाय.”

“काकू, तसं करू नये हेच दाखवलंय त्यात!”

“करू नये काय? किती आपुलकीनं देतात त्या!”

दुपारी उइटहॉर्नचे एक जोडपे चकल्यांचा डबा घेऊन दारात हजर. “आईंना नमस्कार करायला आलो,” म्हणत काकांनी सोफ्यावर बसकण मारली आणि आईसमोर ‘आ’ केला! बँकेतून निवृत्त झालेल्या माझ्या आईने शांतपणे मोबाइलचा टॉर्च लावला.

“बेडका पडतो का?”

“आई, प्लीज!”

“थांब गं. एवढ्या लांबून आलेत.”

रविवारी दुसरा भाग आला. तो कोणीही पुढे पाठवला नाही. ज्याला जे हवे होते, ते पहिल्यातच मिळाले होते. त्या संध्याकाळी मला ताप भरला. सोमवारी घसा सुजला. मंगळवारी सकाळी मी परिस्थितीचे विश्लेषण केले : वैज्ञानिकदृष्ट्या हा बहुधा विषाणूजन्य आजार होता, व्यावहारिकदृष्ट्या बैठक दहा वाजता होती. मी पावले न वाजवता आईच्या औषधांच्या पिशवीपाशी गेले. ‘घसा’ रिकामा. ‘पोट’ रिकामे. ‘संकीर्ण’सुद्धा!

“काय शोधतेयस?” मागून आई.

“पॅरासिटामॉल.”

“ते टेबलावर आहे. बाकीच्या गोळ्या काल त्या अपोटेकमध्ये, औषधाच्या दुकानात, परत देऊन आले. तुझा दुसरा भाग तीनदा पाहिला. पटला मला. त्या उइटहॉर्नवाल्यांनाही फोन करून सांगितलं, आधी डॉक्टरला विचारा म्हणून.”

“सगळ्या दिल्यास?”

“सगळ्या. का गं?”

“एखादी तरी स्ट्रिप ठेवायचीस!”

आईने चष्मा नाकावर सरकवला आणि माझ्याकडे अशी पाहत राहिली की मी निमूटपणे टेबलाकडे वळले.

बैठकीत मी कुजबुजत, खोकत निष्कर्ष मांडला : सवय बदललेले घर सापडले आहे. मुदतवाढ मंजूर झाली. निघताना प्रमुखबाईंनी सहज विचारले, “त्या घरात अजून कोणाचं मन वळायचं बाकी आहे का?”

सुदैवाने तोपर्यंत माझा घसा पूर्ण बसला होता.