बाईंनी परत न घेतलेली ओळ

बाई गेल्या तेव्हापासून जो तो त्यांच्या आठवणी सांगतो आहे. मीही सांगतो. फरक एवढाच की बाकीच्यांना त्यांनी आनंद दिला आणि मला टोपणनाव दिलं.

माझा मंडप आणि साउंडचा धंदा आर्णीत. मागून आणलेल्या एका भोंग्यावर सुरू केला, वडिलोपार्जित काही नव्हतं. बाई कव्वालीच्या. आमच्याकडे बुद्धविहाराच्या कार्यक्रमाला मुकाबला लागतो. दोन पार्ट्या समोरासमोर बसतात. एकीनं धम्मातला सवाल गाऊन टाकायचा, दुसरीनं गाऊनच जवाब द्यायचा. मधूनमधून एकमेकांची टिंगल, तीही सुरात. बाई वडिलांच्या पार्टीत उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचे दुधाचे दात पडत होते. माईकपर्यंत तोंड पोचत नसे, म्हणून तेलाचा रिकामा पिपा उलटा ठेवून त्यावर उभं करत. तिथून जे गाणं सुरू झालं ते म्हातारपणापर्यंत थांबलं नाही.

माझं भांडण जुनं आहे. एका गावात कार्यक्रमाच्या समितीनं लाइट लांबच्या विहिरीवरून ओढली होती. व्होल्टेज कमी येणार हे मी अध्यक्षाला आधीच बजावलं होतं. झालंही तसंच, भोंगा खरखरायला लागला. दुसऱ्या गवयानं मला गुपचूप चिठ्ठी पाठवली असती. बाईंनी ढोलक थांबवली, माझ्याकडे बोट केलं आणि ओळ फेकली:

"भाव याचा चढा, अन् आवाज याचा पडा!"

अख्ख्या मंडपानं ती उचलली. माझी आईही समोर बसली होती, तीसुद्धा हसली. दुसऱ्या दिवशी बाजारात मी 'चढा-पडा' झालो. पुढे कुठल्याही समितीपुढे भाव सांगायला तोंड उघडलं की मागून कुणीतरी ही ओळ गुणगुणायचा आणि माझा भाव तिथंच खाली यायचा. भाव करण्यात मला कुणी हरवलेलं नाही. हरवलं ते या ओळीनं.

मग बऱ्याच वर्षांनी फुलसावंगीचा मुकाबला आला. रात्री दहाला भोंगे बंद करावे लागतात, त्यामुळे हल्ली हे कार्यक्रम दुपारीच सुरू होतात. साउंड माझा, मशीन नवीन. बाई मंचामागे सतरंजीवर कोमट पाणी पीत बसल्या होत्या. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"बाई, ती ओळ वापस घ्या."

"कोणती रे बापू? म्या लय ओळी फेकल्या."

मी दात ओठ खात ती म्हणून दाखवली. बाई खोकला लागेपर्यंत हसल्या. "चांगलीच बसली होती की!"

"त्या दिवशी व्होल्टेज कमी होतं. मशीन चांगली होती."

"माहीत होतं मले. पण व्होल्टेजवर कोण हासते?"

माझं डोकं फिरलं. "मंचावरून सांगा तसं. नाही तर वायरी गुंडाळतो, गा बिनमाईकच्या."

"गुंडाळ," त्या म्हणाल्या आणि पाण्याचा घोट घेतला. "आमच्यात ओळ वापस घेत नाही बापू. ओळीले ओळच देते. तुले तोंड हाये ना? दे जवाब."

"मी का गवई आहे?"

"मी तरी कुठी होती? पिप्यावर उभी केली तवा समोरची पार्टी मले चिमणी म्हणे. म्या त्यायच्या पेटीवाल्याले घुबड म्हटलं. झाली गवई!"

मला वाटलं, म्हातारीनं विषय हसण्यावारी नेला. वायरी काही मी गुंडाळल्या नाहीत. पण मुकाबला रंगात आला आणि बाईंनी हात वर करून ढोलक थांबवली. "साउंडवाल्या बापूले मले जवाब द्याचा हाये. येऊ द्या त्याले."

बायका आधीच हसायला लागल्या. मी तिरमिरीत मंचावर गेलो, माईक ओढला. तयारी काहीच नव्हती, नुसता राग होता.

"भोंगा माझा झाला नवा, बाई झाली जुनी!"

यमक नाही, ताल नाही. कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका आजीनं पदर तोंडाला लावला. आता चपला येतील, असं वाटून मी खाली उतरलो आणि मशीनपाशी जाऊन कानाला हेडफोन लावला.

बाईंनी डोळे मिटले. ढोलकवाल्याकडे एक बोट हललं. मग माझेच शब्द आले, पण आता त्यांना चाल होती:

"ऐकायाले बसले कोणी, उठून गेले कोणी,
गाता गाता लोकायची बाई झाली जुनी!

बापानं देली पेटी मले, मायनं देली गाणी,
पिप्यावरची पोर बाप्पा, बाई झाली जुनी!"

कडव्यामागून कडवं येत राहिलं. ते सगळं तिथंच घडत होतं, कारण माझी ओळ जन्मून पाच मिनिटंही झाली नव्हती. माझं आयुष्य आवाज ऐकण्यात गेलं आहे. कोण कुठे दमतो, कोण इकोच्या आड सूर लपवतो, ते मला लगेच कळतं. मी बाईंचा श्वास शोधत होतो. या वयात तो कुठेतरी तुटणारच. रागानं इको पूर्ण बंद केला, म्हटलं आता उघडी पडेल. पण श्वास सापडेना. ढोलकेची थाप पडायची त्या थापेखाली त्या तो घेत होत्या, शब्द मोडू न देता. इको गेल्यावर उलट एकेक अक्षर स्वच्छ झालं आणि मागच्या रांगेतली माणसं उठून पुढे आली. मला हेडफोन काढायचं भान राहिलं नाही.

जवाब द्यायची पाळी समोरच्या पार्टीची होती. त्यांच्या तरुण गवयानं पेटी बाजूला सारली आणि बाईंच्या मागे कोरस धरला. मुकाबल्यात याचा अर्थ एकच होतो, हार मान्य. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो, हे मला शेजारच्यानं नंतर सांगितलं.

उतरताना बाई माझ्यापाशी थांबल्या. "पाह्य बापू, तुही ओळ चालली."

"अन् तुमची?"

"ते बी चालू दे," म्हणाल्या आणि कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून गाडीकडे गेल्या.

म्हणजे परत घेतलीच नाही. शेवटपर्यंत नाही. आर्णीच्या बाजारात मी अजूनही चढा-पडाच आहे आणि अजूनही त्यावरून भांडतो. पण मुकाबल्यात कुणी नवी पोर माईकसमोर आली की मी हेडफोन लावून तिचा श्वास कुठे लपतो ते शोधत बसतो. अजून तरी सगळ्यांचाच ऐकू येतो.