ऑडिटच्या दिवशीचा टेम्पो

चाकणला आमच्या गल्लीत ब्रेकचे पिस्टन बनवणारी एक कंपनी आहे. तिच्या गेटसमोर माझी चहाची टपरी. त्यामुळे दर्जा दर्जा म्हणतात तो मी रोज जवळून बघतो, आणि माझं डोकं फिरतं!

दर्जा तपासणारा ऑडिटर यायचा त्या सकाळी नापास माल गोण्यांत भरून नौशादभाईच्या टेम्पोत चढायचा. वर ताडपत्री. ऑडिटरसाहेब जेवून, शाल-नारळ घेऊन जाईपर्यंत नौशादभाईने हायवेवर हिंडायचं, मग माल परत आत. वर्षानुवर्षं हिंडला. "आपल्याला काय भाऊ, भाडं मारायचं," म्हणायचा. मीही चिडवायचो, "निघाली नापासांची वरात!"

मग त्याची मुलगी आलिया डिप्लोमा करून त्याच कंपनीत माल तपासायला लागली. चीर गेलेल्या पिस्टनवर ती लाल रंगाचा पट्टा ओढायची. बापाने राहत्या पिंपळे गुरवात घरोघरी पेढे वाटले.

परवाच्या ऑडिटला टेम्पो भरताना एक गोणी फाटली. आत सगळे लाल पट्ट्यांचे पिस्टन. हमाल हसत म्हणाला, "संध्याकाळी थिनरनं पट्टे पुसून धाडायचे हायेत. पास म्हणून सही तुमच्या पोरीचीच घेत्यात."

नौशादभाई हायवेला गेलाच नाही. चौकातून वळून परत गेटवर आला. वॉचमन आडवा आला. आत मालक रणजीतशेठ ऑडिटरला बाग दाखवत होते.

"साहेब, यांचा नापास माल माझ्या गाडीत आहे. बघा!"

ऑडिटरने घड्याळ पाहिलं. "गाडी गेटबाहेर आहे. बाहेरचं आमच्या तपासणीत येत नाही."

लाज कोळून प्यायलेला माणूस! उकळतं पातेलं त्याच्या अंगावर भिरकावावंसं वाटलं मला.

नौशादभाईने टेम्पो फिरवून रिव्हर्समध्ये गेटच्या आत घातला. वॉचमनने बाजूला उडी मारली. मागचा फाळका पडला, गोण्या सुटल्या आणि पिस्टन घरंगळत ऑडिटरच्या बुटांपाशी गेले.

"आता आत आहे," नौशादभाई म्हणाला.

रणजीतशेठ गरजले, "हा माल आमचा नाही! कुणाचाय हा?"

आलिया शेडमधून आली. हातातला लाल रंगाचा डबा तिने ऑडिटरच्या पुढ्यात ठेवला.

"पट्टे माझे आहेत. नोकरी घ्या, पण हे पुसायचे नाहीत."

ऑडिटरला खाली वाकून पिस्टन उचलावाच लागला.