उल्काच्या नकाशातला धूसर पट्टा

उल्का देवस्थळी पुण्याची. बारा वर्षांपासून ती सिंगापूरच्या एका छोट्या सल्लागार कंपनीत आहे. समुद्रतळाखाली तेल असू शकेल का, याचा अंदाज बांधणं हे तिचं काम. नवरा सुबोध, मुलगी जाई आणि ती, तिघांचा इथला मुक्काम तिच्याच एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर.

गेल्या वर्षी तिने एका समुद्री खोऱ्याचा अहवाल दिला. जहाजावरून मोजलेलं गुरुत्वाकर्षण खोऱ्याच्या मधोमध कमी भरत होतं. म्हणजे खाली हलका खडक. तिने मानलं, सहा किलोमीटर जाड गाळ. इतक्या खोलवर तेल तयार होऊ शकतं. ध्वनिलहरी खाली सोडून काढलेल्या चित्रात मात्र तिथे थर दिसत नव्हते, नुसता धूसर पट्टा होता. नोंदी खराब आल्यात, असं लिहून ती पुढे गेली. त्या अहवालावर विहिरीची जागा ठरली.

एका रविवारी ती जाईला घेऊन पुलाउ उबीन बेटावर सायकल चालवायला गेली. जुन्या खाणीपाशी दोघी थांबल्या. समोरच्या कड्याकडे बघत जाई म्हणाली, "आई, धिस वन नो लेयर्स, व्हाय आह?"

ग्रॅनाइटला थर नसतात, असं सांगताना उल्काला तो धूसर पट्टा आठवला. ग्रॅनाइटही भोवतालच्या जड खडकांपेक्षा हलकाच असतो. आणि ग्रॅनाइटमध्ये तेल तयार होत नाही. परतीच्या बोटीत जाई काय बोलली, ते तिला आठवत नाही.

सोमवारी तिने गाळाऐवजी ग्रॅनाइट धरून गणित मांडलं. तेही जुळलं. मग लहरींचा वेग तपासला. गाळात तो सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास असायला हवा होता. इथे जवळजवळ सहा येत होता, ग्रॅनाइटमध्ये असतो तेवढा. आपलंच काहीतरी चुकलं असेल, या आशेने तिने तीनदा मोजलं. वेग तेवढाच.

चार महिन्यांत पासचं नूतनीकरण होतं, जाईची पीएसएलई, सहावीची मोठी परीक्षा, पुढच्या वर्षी. सुबोधला सांगितलं, तेव्हा त्याने तिचा हात धरला.

बुधवारी ती तिच्या वरिष्ठांकडे, शैलेंद्र सरांकडे गेली. त्यांनीच तिला इथे आणलं होतं. त्यांनी आकडे पाहिले आणि केबिनचं दार लावलं.

"हे अजून कोणाला माहीत आहे?"

"ऑफिसात फक्त तुम्हाला."

"मग इथेच थांबव."

"सर, अहवालावर माझी सही आहे. तिथे काही नाही, हे माहीत असताना मला गप्प बसता येणार नाही."

त्यांनी आकडे पुन्हा एकदा पाहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. तेल कंपनीला तूच सांग. मी शेजारी बसतो."

ऑनलाइन मीटिंगमध्ये तिने आपली चूक सांगितली. तेल कंपनीच्या भूवैज्ञानिकाने वेगाचा आलेख दोनदा दाखवायला लावला, आभार मानले आणि स्क्रीन बंद झाली. त्यानंतर तीन आठवडे काहीच कळलं नाही. रोज सकाळी ऑफिसात शिरताना तिला वाटायचं, आज आपलं कार्ड दाराला चालणार नाही.

शेवटी उत्तर आलं. मधली विहीर रद्द झाली होती. पूर्वेच्या कडेला थर स्पष्ट होते, तिथे थोडी आशा होती. पण तो अभ्यास त्यांनी दुसऱ्या कंपनीला दिला. पुढे उल्काचा पास वाढला, पण एकाच वर्षासाठी.

आता ती सही करण्याआधी प्रत्येक अहवाल अमेय या सहकाऱ्याला तपासायला देते. तो वाचत असताना तिला खुर्चीत बसवत नाही. ती पॅन्ट्रीत जाऊन उभी राहते.