सील कापण्याआधीची चाळीस मिनिटं

न्हावा शेवा बंदराबाहेरच्या एका गोदामात अनंताच्या सहीशिवाय परदेशातून आलेला कंटेनर उघडत नाही. काम ऐकायला सोपं आहे. लाकडाच्या मालात कीड राहू नये म्हणून तिकडून निघताना कंटेनरमध्ये विषारी गॅस सोडतात. तो गॅस निघून गेला आहे की नाही हे अनंताने मीटर लावून बघायचं, चिठ्ठीवर आकडा लिहायचा आणि खाली सही करायची. मग हमालांचा मुकादम धर्मा मोठ्या कटरने दाराचं सील कापतो आणि त्याची माणसं आत शिरतात.

त्या गुरुवारी दुपारी तीन वाजता कंटेनर होता, धर्मा होता, कोरी चिठ्ठी होती. मीटर नव्हता. सहा महिन्यांच्या तपासणीसाठी तो ठाण्याला गेला होता आणि शुक्रवारी यायचा होता.

"अंकल, पेपर एकदम क्लिअर आहेत," माल सोडवणारा एजंट रितेश म्हणाला. पनवेलचा पंचविशीतला पोरगा, बोलणं गोड. "गॅस तिकडेच काढलाय. सर्टिफिकेट बघा ना."

अनंताने सर्टिफिकेट बघितलं. मग दाराजवळ जाऊन दार बघितलं. सगळ्या पत्र्यावर खारट धूळ होती, पण उजव्या बाजूला वहीच्या पानाएवढा चौकोन लख्ख होता आणि त्याच्या कडेला डिंक चिकटलेला होता. कवटीचं चित्र असलेला धोक्याचा कागद बरोबर तिथंच लावतात. कुणीतरी तो नुकताच ओरबाडून काढला होता.

"मीटर येईपर्यंत उघडायचा नाय," अनंता म्हणाला.

धर्मा हसला. "आरं अनंता, कोळ्याचा ना तू? मी अठरा वर्सं मचव्यावर काढली. मासळीच्या खणात उतरायच्या आधी नाक लावायचं, वास आला तर थांबायचं. आमचा मीटर हितं हाय." त्याने नाकावर बोट टेकवलं. "दार फटीएवढं उघड. मी सांगतो तुला."

यावर अनंताला हसू आलं नाही. सात वर्षांपूर्वी या नोकरीत नवा असताना त्यानेही हेच केलं होतं. बापाबरोबर होडीवर वाढलेला माणूस, कुजक्या मासळीचा वास त्याला अर्ध्या खाडीवरून कळायचा. दार उघडून त्याने आत डोकं घातलं, दोन वेळा हुंगलं आणि "काय नाय" म्हणून सांगितलं. रात्रभर उलट्या झाल्या. पुढे महिनाभर चहाचा कप धरला की हात थरथरायचा. या गॅसला वास नसतो. मासळी माणसाला आधी सांगते, हा सांगत नाही.

त्याने कटर उचलला, ऑफिसच्या कपाटात कोंडला आणि चावी खिशात टाकली. मग जासईच्या गोदामात असंच काम करणाऱ्या येसाजीला फोन लावला. "तुझा मीटर घेऊन ये. आत्ता."

"ट्रेलरची रांग लागलीय रे. चाळीस मिनिटं धर."

"धरली."

दहा मिनिटांत यार्ड मॅनेजर आले. माल आज निघाला नाही तर गिऱ्हाईक हातचं जाईल, असं त्यांनी आधी समजावून आणि मग आवाज चढवून सांगितलं. शेवटी ते धर्माकडे वळले. "पलीकडच्या शेडमधून दुसरा कटर आण."

धर्मा निघाला. अनंता जाऊन दाराला पाठ लावून उभा राहिला. पत्रा इतका तापला होता की शर्टातून चटका बसत होता. बंद दारामागे काय आहे ते त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेच तो सगळ्यांना सांगत होता.

मॅनेजर फोनवर बोलत लांब गेले तसा रितेश जवळ आला.

"काकी बऱ्या आहेत ना? नागावचा होमस्टे जोरात चाललाय म्हणे."

अनंताने मान वळवली.

"मागच्या महिन्यात कंपन्यांचे तीन ग्रुप आले, ते कुणी पाठवले वाटतं? या शनिवारचापण माझाच आहे. बाहेर कळलं तर लोक काय म्हणतील? अंकल आपलेच आहेत, म्हणून बोलतोय."

त्याच्या बायकोने, केसरने, त्या तीन ग्रुपच्या भरवशावर मागच्या दोन खोल्यांना नव्या गाद्या घेतल्या होत्या. पाहुणे कुठून आले हे तिने विचारलं नव्हतं, त्यानेही नाही. विचारायला हवं होतं.

धर्मा कटर घेऊन आला. मागे त्याची चार माणसं. "बाजूला हो, अनंता."

"तुझा भाचा पहिला शिरणार ना आत?"

"व्हय. मंग?"

"मंग मला ढकल आणि उघड. माझी सही नाय, तुझं नाक हाय. उद्या बहिणीला तू सांग."

धर्माने वर धरलेला कटर तसाच राहिला. मागे वळून त्याने भाच्याकडे बघितलं. मॅनेजर लांबून ओरडले, "काय चाललंय?" धर्माने कटर जमिनीवर टेकवला आणि त्याच्यावर हात ठेवून उभा राहिला. "पाच मिन्टं थांबतो," तो म्हणाला. पाचाची पंधरा झाली तरी हलला नाही.

येसाजी मोटरसायकलवरून आला तेव्हा त्याच्या भुवयाही धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या. दाराच्या रबराखालून अनंताने मीटरची बारीक नळी आत सरकवली. पाचपर्यंत चालतं. आकडा नऊवर गेला, एकोणीसवर गेला, मीटर किंचाळायला लागला आणि बेचाळीसवर थांबला.

धर्माने हळूच स्वतःच्या नाकाला हात लावला. मग माणसांवर खेकसला, "मागं व्हा रे! तमाशा हाय का?"

गॅस निघून जावा म्हणून कंटेनर मोकळ्या मैदानात हलवला. रितेश जाताना कुजबुजला, "त्या ग्रुपचं आपल्यातच ठेवा हां अंकल."

अनंता ऑफिसात गेला. कंपनीची भेटवस्तूंची नोंदवही कपाटात वरच होती. कुणाकडून काही मिळालं तर लिहायचं, असा नियम. आतापर्यंत त्यात फक्त दिवाळीच्या मिठाईचे डबे होते. त्याने पेन काढलं. रितेशचं नाव, तीन ग्रुप, तारखा, बायकोचा होमस्टे. आज काय मागितलं तेही.

मॅनेजर मागे उभे राहून वाचत होते. "हे लिहिलंस तर पहिली चौकशी तुझीच होईल."

"व्हय साहेब." त्याने सही केली.

बाहेर येऊन त्याने केसरला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ऐकून तिने एकच विचारलं.

"शनवारचा ग्रुप?"

"त्यांना नाय म्हण."

"अवो, बारा माणसांचे बोंबील सांगून ठेवलेत मी." मग तीच म्हणाली, "मंग शनवारी तुम्हीच या खायला. त्या धर्माभावजींना पण आणा, त्यांच्या भाच्याला पण. नोकरी राहू दे नायतर जाऊ दे, बोंबील काय परत देता येत नाय."